जाकिटाची ट्रायल

“आम्ही पुरुषांची मापं घेत नाही,” आई म्हणाली आणि तिनं मशीनला पुन्हा पाय लावला.

दारात लाटकर उभे होते. दिवसा बँकेत कारकून आणि संध्याकाळी कऱ्हाडातल्या हौशी नाटकवाल्यांचे दिग्दर्शक. एका काखेत कापडाचा गठ्ठा, दुसऱ्या हातात कुठल्याशा जाड पुस्तकातून झेरॉक्स केलेलं चित्र. चित्रात एक गोरा साहेब होता. केस मागे फितीनं बांधलेले आणि अंगात मांडीपर्यंत आलेलं, बिनबाह्यांचं, फुलाफुलांचं जाकीट. गळ्यापासून पोटापर्यंत नुसती बटणंच बटणं.

“माप घेऊ नका कमलताई, नुसतं शिवा,” लाटकर काकुळतीला आले. “ड्रेसवाला मला दर वेळी तोच चमकीचा राजपुत्राचा कोट देतो. माझा साहेब पेशवाईतला इंग्रज चितारी आहे हो! त्याला राजपुत्र करून कसं चालेल? गावातले सगळे जेंट्स टेलर पालथे घातले. म्हणतात, शर्ट-पँट सोडून बोलू नका.”

“आणि आम्ही ब्लाउज सोडून काय शिवलंय?”

“आई, घे ना गं!” मी मधेच ओरडले. हूक लावता लावता सुई बोटात गेली तरी मला कळलं नाही.

आता खरं सांगायचं तर त्या जाकिटाशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. मला नाटकात काम करायचं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा तोंडाला रंग लागला होता आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण आमच्या घरात अण्णामामाचा शब्द चालायचा. अण्णामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. बाबा गेल्यावर त्यानंच आम्हाला त्याच्या घराच्या खालच्या दोन खोल्या दिल्या होत्या. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि वरूनच आमच्यावर लक्ष ठेवायचा. “पोरगी स्टेजवर उभी राहिली की स्थळं यायची बंद झाली म्हणून समज,” असं त्यानं आईला बजावलं होतं. आई त्याच्यापुढे कधीच तोंड उघडायची नाही. खाली मान आणि मशीन चालू, एवढंच. याचा मला असा राग यायचा म्हणून सांगू! पण निदान जाकीट घरात आलं, तर जाकिटाच्या मागोमाग मला नाटकाच्या तालमीत तरी डोकावता येईल, एवढाच माझा बेत होता.

“बरं, ठेवा,” आई शेवटी म्हणाली. “पण माप म्हणून त्या नटाचा एखादा शर्ट पाठवून द्या. अंगात बसणारा हं! टाकलेला नको. या आमच्या तोडकरकाकू बघा. दर दिवाळीला मापाला टाकलेला ब्लाउज आणतात आणि मग नवा घट्ट झाला म्हणून माझ्याशी भांडतात.”

तोडकरकाकू चटईवर बसून आपल्या ब्लाउजची वाट बघत होत्या. “अगं, आता चांगला ब्लाउज मापाला देऊन मी घालू काय? आणि मला मेलीला काय ठाऊक, मी दर वर्षी फुगते ते!” त्या फणकारल्या. मग त्यांनी लाटकरांच्या हातातलं कापड ओढून बघितलं. मोरपंखी रंगावर सोनेरी वेली. “झकास आहे की. कुठं मिळालं?”

“आमच्या मॅनेजरच्या केबिनचे पडदे बदलले. त्यातले जुने.”

“बँकेचा पडदा? लोक तुमच्या साहेबाकडं कर्ज मागायला यायचे!”

लाटकर मोठ्यानं हसले आणि उत्साहानं नाटकाची गोष्ट सांगायला लागले. हा चितारी साहेब घाटाखालच्या एका गावात चित्रं काढायला येतो. मोडकं-तोडकं मराठी बोलतो. गावातल्या बायका त्याला आपली घरं दाखवतात, पाटलीण तर त्याला चुलीपुढे बसवून भाकरी वाढते, आणि तिथं बसून तो जे चित्र काढतो त्यावरून गावात केवढा तरी गहजब होतो.

“थांबा,” आईनं मशीन थांबवलं. “परका, गोरा पुरुष. आणि पाटलीण त्याला थेट चुलीपुढं बसवते?”

“हो.”

“का?”

“का म्हणजे? तो कलावंत आहे.”

“असंल की. पण पाटलीण कशी बसवेल?”

“माझी सासू असती तर उलथनं फेकून मारलं असतं,” तोडकरकाकू म्हणाल्या.

लाटकरांचं तोंड एवढंसं झालं. नाट्यस्पर्धेचा एक जुना परीक्षक त्यांना नेमकं हेच म्हणाला होता, असं त्यांनीच नंतर कबूल केलं. “तुम्ही जाकीट शिवा हो,” असं पुटपुटत, जाकिटाला खिसे कसे हवेत ते बघा म्हणून नाटकाची एक प्रत आमच्याकडे टाकून ते निघून गेले. मी ती प्रत अशी झडपली की विचारू नका.

शर्ट लगेच आला. प्रताप माने नावाच्या नटाच्या आईनं पिशवीत घालून पाठवला होता. मी उलगडून बघितला आणि म्हणाले, “आई, हा प्रताप माने चांगला उंचापुरा गडी आहे म्हणे. मग शर्ट एवढासा?”

“नाटकातली माणसं लांबूनच मोठी दिसतात,” आई म्हणाली. “टेप आण.”

मग आम्ही दोघी कामाला जुंपलो. काय मजा आली! वर्तमानपत्राचे कागद खळीनं चिकटवून मोठा तक्ता केला, जमिनीवर पसरला. आई सांगत होती, मी गुडघ्यांवर बसून पेन्सिल चालवत होते. छातीचा चौथा भाग, वर दोन बोटं सैल. गळा गोल, कॉलर नाही. पुढची कड कमरेपर्यंत सरळ आणि तिथून मात्र मांडीकडे तिरकी पळवायची, म्हणजे साहेब चालायला लागला की खालची दोन्ही टोकं उघडतात. चित्रातलं ते सगळं कागदावर उमटायला लागलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

“हे काय काढलंस?” आईनं विचारलं.

बघते तर छातीवर मी सवयीनं टक्स, म्हणजे ब्लाउजला उभार देणाऱ्या चुण्या, काढून ठेवले होते. दोन्ही बाजूंना, अगदी नीट.

“पुरुषाला टक्स कशाला गं, घोडे?” आई हसत सुटली. मी खोडरबर शोधेपर्यंत तीही पाठीच्या तक्त्यावर टक्सची खूण करून बसली होती. मग दोघीही पोट धरून हसलो. वरून अण्णामामाचा आवाज आला, “काय चाललंय खाली?” आणि आई लगेच गप्प झाली.

त्या काळातल्या जाकिटाची आणखी एक गंमत होती. पुढचं सगळं भारी कापडाचं आणि पाठ साध्या मांजरपाटाची, कारण पाठ कोटाखालीच राहायची. पाठीवर नाड्या, ओढून घट्ट करायला. “बरोबर आमच्या परकरासारखं,” आई म्हणाली आणि साहेबलोक तिला एकदम जवळचे वाटायला लागले. कापायचं काम तिचं. मी कॉलेजातून आले तोवर मोरपंखी कापडाचे पुढचे दोन्ही भाग कापून, आत ताठपणासाठी बकरम ठेवून, टाके घालून तयार होते. खिशांची झाकणं, अस्तर, खांदे, बाजू हे सगळं मी शिवलं. मशीन चालवताना समोर नाटकाची प्रत उघडी. साहेबाचे संवाद मी शिवणीच्या तालावर म्हणत होते. साहेबाचं मराठी तर भन्नाटच होतं. तो म्हणायचा, “बाई, मी आला. तुमचा घर फार सुंदर आहे. तुमचा चूल मला काढायचा आहे.” आणि पाटलीण दर वेळी त्याला सुधारायची, “आला नव्हे हो साहेब, आलो. आलो म्हणा.”

“मी आला,” मी मशीनला सांगायचे. आई काही बोलायची नाही. पण एकदा मी एक वाक्य खाल्लं तर तिनं आतून पुढचं वाक्य सांगितलं. बाई ऐकत होती तर!

काजं करायची वेळ आली तेव्हा मी चित्र आरशाला टेकवलं, जाकीट स्वतःच्याच अंगात घातलं आणि आरशासमोर उभी राहिले. साहेबाची कोणती बाजू वर आहे ते चित्रात बघायचं आणि आरशात तस्संच जुळवायचं. चित्रात वरची कड माझ्या उजव्या हाताला दिसत होती, आरशातही मी तशीच आणली. खडूनं खुणा केल्या आणि काजं कापली. कापलेलं काज परत शिवता येत नाही, म्हणून एकेक खूण दोनदा ताडून बघितली होती. शेवटचं बटण लावून मी पुन्हा घालून बघितलं आणि गर्रकन फिरले. खालची टोकं अशी उघडली!

आई दारात येऊन उभी होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “शोभतंय.”

“मला का शोभेल? प्रताप मान्याचं आहे.”

“ते आहेच,” ती म्हणाली आणि भाजी बघायला निघून गेली.

ट्रायलला आम्ही दोघी शाळेच्या हॉलमध्ये गेलो. तिथंच तालमी चालायच्या. अण्णामामानं जिन्यातूनच हटकलं होतं, “कुठं निघाला दोघी?” तर आई म्हणाली, “जाकिटाची ट्रायल आहे.” शिवणकामाला त्याची ना नव्हती.

हॉलमध्ये लाटकर, पाटलीण होणाऱ्या वैजयंताबाई, आणि खुर्ची अडवून बसलेला एक आडदांड माणूस. मी इकडंतिकडं प्रताप माने शोधत होते आणि तोच तो होता! अगं आई गं! दंड कसले, माझ्या मांड्या तेवढ्या नव्हत्या. त्यानं जाकिटात एक हात घातला. दुसरा हात घालायला गेला तर जाकीट काखेत अडकलं. लाटकरांनी मागून ओढलं, आईनं पुढून धरलं, प्रताप मान्यानं श्वास आत घेतला. पाठीच्या मांजरपाटातून टर्रकन आवाज आला आणि सगळे होते तिथं थांबले.

“शर्ट कुणाचा पाठवला होता तुम्ही?” आईनं विचारलं.

“माझाच. म्हणजे अकरावीतला,” प्रताप माने खाली बघत म्हणाला. “आई म्हणाली, मापाला द्यायचाय तर चांगला कशाला द्यायचा.”

“तोडकरकाकूच निघाली की तुमची आई!” मी म्हणाले. मला रडावं की हसावं कळेना.

लाटकर घामाघूम. “काही हरकत नाही. कमलताई, दुसरं शिवा. मोठं. अजून वेळ आहे.”

“कापड संपलं,” आई म्हणाली.

“संपलं?”

“संपलं.”

लाटकर मटकन खाली बसले. दुसरं तसलं कापड त्यांना कुठून मिळणार होतं? जाकीट गेलं म्हणजे ट्रायल गेली, तालीम गेली, परत मी आणि हूक. तेवढ्यात माझ्या आईनं, माझ्या सख्ख्या आईनं, ते जाकीट उचललं, फाटलेली पाठ चाचपली आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, “आणि बटणंही चुकलीत. पोरीनं आरशात बघून काजं केली. बायकी बाजूला झालीत.”

माझे कान तापले. बघते तर खरंच! पुरुषांच्या कपड्यात डावी बाजू वर येते आणि इथं उजवी बाजू वर. आरशानं मला चांगलंच फसवलं होतं, आणि आयुष्यभर ब्लाउज घातलेल्या मला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. पण हिला कधी कळलं? कळलं होतं तर घरी का नाही बोलली? चारचौघांत माझी लाज काढायची काय गरज होती? मला असा संताप आला की मी काय बोलतेय ते मलाच कळलं नाही.

“चुकली नाहीत!” मी ओरडले. “साहेब बाईच आहे!”

“काय?” लाटकर म्हणाले.

“बाई आहे ती! पुरुषाच्या कपड्यांत आलीये. एकट्या बाईला कोण येऊ देईल चित्रं काढायला, सात समुद्र ओलांडून? म्हणून केस बांधले, जाकीट घातलं आणि आली!” मी आता थांबूच शकत नव्हते. “आणि गावातल्या पुरुषांना काही कळत नाही. पण पाटलिणीला कळतं.”

“म्हणून तर तिनं चुलीपुढं बसवलं,” आई म्हणाली.

वैजयंताबाईंनी एकदम कपाळावर हात मारला. “लाटकर! अहो लाटकर! मी त्या प्रवेशात केव्हापासून अडखळतेय. याचसाठी!”

“पण त्या काळी,” लाटकर चाचरत म्हणाले, “बटणांची अशी बायकी बाजू वगैरे होती का? संशोधन...”

“नाटक बघणाऱ्या बायका त्या काळच्या आहेत का?” आईनं विचारलं.

लाटकर उठले. बसले. पुन्हा उठले. हॉलभर तरातरा चालले. मग माझ्यासमोर येऊन थांबले आणि म्हणाले, “घाल.”

मी जाकीट घातलं. बटणं लावली. पाठ फाटली होती तरी नाड्या ओढल्यावर ते अंगाला असं बसलं की वैजयंताबाई “अय्या” म्हणाल्या.

“मी आला,” मी म्हणाले. आवाज खाली नेला, पाय फाकवून उभी राहिले. “बाई, तुमचा चूल मला काढायचा आहे.”

पुढचा सगळा प्रवेश मी प्रत न बघता म्हटला. प्रताप मान्यानं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. “सुटलो!” तो म्हणाला. “मला ते तोडकं मराठी जमतच नव्हतं. मी पाटलाचं काम करतो. पाटील बोंबलणारा आहे, ते मला येतं.”

लाटकरांनी आईकडे बघितलं. “कमलताई, पण तुमचे अण्णा?”

आईनं जाकिटाच्या पाठीला सुई टोचली. “अजून बरीच ट्रायल लागेल याला,” ती म्हणाली.

आणि लागलीच. रोज संध्याकाळी मी निघाले की वरून हाक यायची, “उजू, कुठं?” आणि मी तोंड उघडायच्या आत आई खालून सांगायची, “ट्रायलला.” एकदा मामा वैतागला, “एका जाकिटाच्या ट्रायली तरी किती?” तर आई मान खाली घालून म्हणाली, “साहेबाचं आहे अण्णा. नाजूक काम असतं.” मी जिन्याखाली तोंडात ओढणी कोंबून हसत होते. लाटकरांनी शेवटचा अंक नवा लिहिला होता आणि रोज त्यात काहीतरी बदलत होते. आम्ही सगळेच पेटलो होतो. घरी येताना मी रस्त्यानं साहेबासारखी चालायचे आणि ओळखीचं कुणी दिसलं की परत मुलीसारखी.

स्पर्धा सांगलीला होती. त्याआधी गावात एक प्रयोग करायचा ठरला. आईनं आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. बायकांच्या बाजूच्या खुर्च्या आमच्या ब्लाउजांनी भरल्या होत्या! विंगेतून मी ओळखत होते, तो माझ्या हातचा, तो आईच्या हातचा, तो तोडकरकाकूंचा घट्ट झालेला. आणि पुरुषांच्या बाजूला, पुढून तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी घालून अण्णामामा. लाटकरांनी त्याला पास दिला होता. घरच्या जाकिटाचं नाटक म्हणून आला होता बिचारा.

“आई, मामा आलाय!” माझ्या तोंडचं पाणी पळालं. “आता?”

आई माझ्या पाठीच्या नाड्या बांधत होती. “येऊ दे,” ती म्हणाली. तिचे हात गार पडले होते. पण गाठ तिनं पक्की मारली. “नाटक असू दे नाहीतर ब्लाउज. अंगावर चढवल्यावर मागं बघायचं नसतं. जा.”

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि मला काही आठवेना. एक क्षणच. मग प्रताप माने पाटील होऊन असा बोंबलला की माझं सगळं परत आलं. पहिल्या दोन अंकांत मी कोट घालूनच होते, डोक्यावर टोपी, गालाला कल्ले चिकटवलेले. मामानं ओळखलं नव्हतं. त्याला मी हसताना बघितलं.

तिसऱ्या अंकात चुलीचा प्रवेश. पाटलीण भाकरी थापतेय, साहेब चित्र काढतोय. धग लागते म्हणून मी कोट काढला. प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिले आणि जाकिटाचं वरचं बटण सोडायला हात नेला. उजवी बाजू वर. सोनेरी वेली दिव्यात लखलखत होत्या. वैजयंताबाईंनी भाकरी थापायची थांबवली. एक शब्द नाही. लाटकरांनी तसंच बसवलं होतं. पाटलिणीनं नुसतं त्या बटणांकडे बघायचं.

मी दुसरं बटण सोडलं. शांतता. मला वाटलं, गेलं. कुणाला कळलंच नाही.

आणि मग बायकांच्या बाजूनं तोडकरकाकूंचा आवाज फुटला, “अगं बाई! बटणं बायकी!”

काय झालं म्हणून सांगू! आधी एक खुसपूस उठली, मग ती रांगेमागून रांग पसरत गेली. “बाई आहे!” “अगं, बाई आहे ती!” “मला तर मघाशीच वाटलं होतं!” साऱ्या बायका खुर्चीत पुढे सरकून बसल्या. पुरुष बावचळून एकमेकांकडे बघत होते. “काय झालं? काय म्हणाल्या?” त्यांना काहीच कळलं नव्हतं. नाटकातल्या गावात जे व्हायचं होतं तेच माझ्या डोळ्यांदेखत आमच्या गावात झालं होतं.

वैजयंताबाई उठल्या. माझ्याजवळ आल्या. “कोण तू?” त्यांनी हळूच विचारलं.

मी टोपी काढली. केस खाली आले. नाटकभर चुकीचं मराठी बोलणारा साहेब पहिल्यांदाच बरोबर बोलला.

“मी आले,” मी म्हणाले.

टाळ्या थांबेनात. बायका रडत होत्या, हसत होत्या. आणि तिसऱ्या रांगेत अण्णामामा उभाच राहिला होता. केसांवरून त्यानं मला ओळखलं होतं.

प्रयोग संपल्यावर तो रंगपटात आला. चेहरा लालबुंद. आई माझे कल्ले काढत होती. “हे काय कमल?” तो म्हणाला. “ट्रायल म्हणालीस ना तू?”

आई काही बोलणार तेवढ्यात मागून मामाच्या ओळखीचे दोघे-तिघे व्यापारी आत घुसले. “अण्णा! भाची तुमची? काय काम केलंय! अहो, आधी सांगायचं नाही का!” कुणी त्याचा हात धरून हलवला, कुणी पाठ थोपटली. मामानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. टोपी सारखी केली.

“जाकीट बरं बसलंय,” तो म्हणाला आणि निघून गेला. हो म्हणाला नव्हता. पण नाहीही म्हणाला नव्हता.

सकाळी मला मशीनच्या आवाजानं जाग आली. सांगलीच्या आधीची तालीम होती, लवकर निघायचं होतं. आई उशांचे अभ्रे शिवत होती. मी चहा घेऊन तिच्याजवळ गेले आणि बघतच राहिले. मोरपंखी रंग, सोनेरी वेली. मॅनेजरच्या केबिनचा पडदा.

“हे कुठून आलं?”

“उरलं होतं,” आई म्हणाली.

“किती?”

“एक जाकीट होईल एवढं.” ती मान वर न करता शिवत राहिली. “प्रताप मान्याच्या मापाचं.”

मी तिथंच जमिनीवर बसले. माझी लाज काढायला नव्हतीच बोलली ती! बटणांचं, कापडाचं, सगळं जाणूनबुजून. ज्या बाईला मी दिवसरात्र मनात दूषणं देत होते, तिनं भर हॉलमध्ये खोटं बोलून माझ्यासाठी दार उघडलं होतं. मला एकदम रडू फुटलं. मी तिच्या मांडीवर डोकं घातलं, तशी मशीन थांबली.

“रडतेस काय, वेडे?” माझे केस सारखे करत ती म्हणाली. “अंगात बसणारं माप मिळालंय. ऊठ. उशीर होईल.”

मी डोळे पुसले, पिशवी घेतली आणि दारात आले. सवयीप्रमाणे वरून हाक आलीच, “उजू, कुठं?”

मी आईकडे बघितलं. ती मशीनवरून उठली. उंबऱ्यापाशी आली, मान वर केली आणि आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आपल्या भावाला म्हणाली, “नाटकाच्या तालमीला!”